लिंडबर्गचा चित्रपट वही-पेन्सिल घेऊन पाहा

अटलांटिक महासागर विमानातून एकट्याने, वाटेत कुठेही न उतरता ओलांडणारा पहिला वैमानिक कोण, असा प्रश्न सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत विचारला की चार्ल्स लिंडबर्ग हे नाव चटकन पुढे येते. साल विचारले तर १९२७ हेही पुष्कळांना सांगता येते. पण ‘त्याला ते कसे जमले?’ असे विचारून पाहा. बहुतेकांचे उत्तर एकाच शब्दाचे असते, ते म्हणजे धाडस. हे उत्तर चुकीचे नाही, अपुरे आहे. आणि अपुरे उत्तर पुरेसे वाटू लागले की विचार तिथेच थांबतो, हा त्यातला खरा धोका आहे.

बिली वाइल्डर यांनी दिग्दर्शित केलेला ‘दि स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ हा इंग्रजी चित्रपट १९५७ साली पडद्यावर आला. लिंडबर्गने याच नावाने लिहिलेल्या आणि १९५४ साली पुलित्झर पारितोषिक मिळालेल्या पुस्तकावर तो आधारलेला आहे. लिंडबर्गची भूमिका जेम्स स्ट्युअर्ट या नटाने केली. उड्डाणाच्या वेळी लिंडबर्ग अवघा २५ वर्षांचा होता, तर स्ट्युअर्टने तेव्हा चाळिशी केव्हाच ओलांडली होती. पण तो स्वतः दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमाने चालवलेला वैमानिक असल्यामुळे त्याचे हात विमानाच्या दांड्यावर उपरे वाटत नाहीत. वैमानिकांच्या जीवनावरील चित्रपटांत हा आजही चांगला मानला जातो, आणि माझ्या मते प्रत्येक माध्यमिक शाळेत तो एकदा तरी दाखवावा. मात्र तो नुसता पाहू नये. पाहणाऱ्याच्या मांडीवर वही आणि हातात पेन्सिल असावी. असे का, ते या लेखात सांगायचे आहे.

धाडस तर सगळ्यांकडेच होते

न्यू यॉर्क ते पॅरिस हे अंतर, कोणत्याही दिशेने, न थांबता उडून जाणाऱ्याला २५,००० डॉलरचे बक्षीस रेमंड ऑर्टिग या न्यू यॉर्कमधील हॉटेलमालकाने १९१९ साली जाहीर केले होते. त्याच वर्षी ऑल्कॉक आणि ब्राऊन या दोघांनी न्यू फाउंडलंड ते आयर्लंड असा अटलांटिक ओलांडला होता. म्हणजे लिंडबर्ग अटलांटिक पार करणारा पहिला माणूस नव्हे. पण न्यू यॉर्क ते पॅरिस हे अंतर त्याच्या जवळजवळ दुप्पट होते.

ते पार करण्याच्या तयारीत असलेले वैमानिक लेचेपेचे नव्हते. पहिल्या महायुद्धात नाव कमावलेला फ्रेंच वैमानिक रने फाँक २१ सप्टेंबर १९२६ रोजी तीन इंजिनांच्या विमानातून निघाला. ते विमान धावपट्टीवरून उचललेच नाही, पुढे कोसळून पेटले आणि चौघांपैकी दोघे मृत्युमुखी पडले. २६ एप्रिल १९२७ रोजी नोएल डेव्हिस आणि स्टँटन वूस्टर हे अमेरिकन नौदलाचे अधिकारी पूर्ण भाराच्या चाचणीत दगावले. त्यांच्या विमानालाही तीन इंजिने होती. ८ मे रोजी नंगेसर आणि कोली हे फ्रेंच वैमानिक पॅरिसहून न्यू यॉर्ककडे निघाले आणि ते पुन्हा दिसलेच नाहीत. त्यानंतर बाराच दिवसांनी लिंडबर्ग निघाला.

आता प्रयोगशाळेतला नियम आठवा. दोन प्रयोगांत एखादी गोष्ट सारखीच असेल, आणि निष्कर्ष मात्र वेगळे आले असतील, तर त्या फरकाचे कारण ती गोष्ट असू शकत नाही. धाडस फाँककडे होते, डेव्हिसकडे होते, नंगेसरकडेही होते. मग लिंडबर्गच्या यशाचे कारण धाडस, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणायचे? कारण दुसरीकडे शोधले पाहिजे. ते शोधण्यासाठी चित्रपट तीन ठिकाणी थांबवायला हवा.

पहिला थांबा : चिखलातली धावपट्टी

२० मे १९२७ ची सकाळ. न्यू यॉर्कजवळचे रूझवेल्ट फील्ड. रात्रभरच्या पावसाने जमीन भिजलेली. विमान धावू लागते, चाके चिखलात रुततात, विमान जरा वर उठते आणि पुन्हा खाली टेकते. समोर तारायंत्राच्या तारा जवळ येत जातात. अखेर विमान त्या तारांवरून सुमारे सहा मीटरच्या अंतराने निघून जाते. चित्रपटातला हा प्रसंग पाहताना श्वास रोखला जातो. इथे चित्रपट थांबवा आणि विचारा, की हे विमान वर उठायला एवढे का-कू का करत होते?

उत्तर वजनात आहे. रिकाम्या विमानाचे वजन सुमारे ९७५ किलोग्रॅम होते. निघताना ते सुमारे २,३३० किलोग्रॅम झाले. वाढलेला भार बहुतेक सगळा पेट्रोलचा. टाक्यांमध्ये सुमारे १,७०० लिटर पेट्रोल होते. एका लिटरचे वजन ०.७२ किलोग्रॅम धरले तर हे सुमारे १,२२५ किलोग्रॅम होतात. म्हणजे निम्म्याहून अधिक वजन पेट्रोलचेच! हे विमान म्हणजे पंख लावलेली पेट्रोलची टाकीच होती, असे म्हटले तरी चालेल.

विमानाच्या पंखांवर वरच्या दिशेने मिळणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे हवेत उठण्यासाठी लागणारा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. पॅरिसला उतरताना बरेचसे पेट्रोल जळून गेल्यामुळे विमानाचे वजन सुमारे १,३३५ किलोग्रॅम उरले असावे. म्हणजे निघतानाचे वजन त्याच्या १.७४ पट होते. १.७४ चे वर्गमूळ १.३२. तेव्हा निघताना लागणारा वेग सुमारे एक तृतीयांशाने जास्त. पण गोष्ट इथेच संपत नाही. इंजिनाचा जोर तोच, पण वस्तुमान १.७४ पट, म्हणून त्वरण तेवढ्या पटीने कमी. धावण्याचे अंतर वेगाच्या वर्गाला त्वरणाच्या दुपटीने भागून मिळते. ते आले १.७४ गुणिले १.७४, म्हणजे सुमारे तिप्पट. चिखलाचा अडथळा यात धरलेलाच नाही. फाँकचे विमान का उचलले नाही आणि लिंडबर्गचे जेमतेम का उचलले, हे आता डोळ्यांसमोर उभे राहते. नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला येणाऱ्या गणितापलीकडचे यात काहीही नाही.

दुसरा थांबा : काय घेतले नाही?

चित्रपटात सॅन दिएगोचा विमानांचा कारखाना दिसतो. तिथे रायन कंपनीच्या कामगारांनी डोनाल्ड हॉल या अभियंत्याच्या आराखड्यावरून हे विमान सुमारे ६० दिवसांत बांधले. त्याला १०,५८० डॉलर खर्च आला. विमानाला ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ हे नाव मिळाले, ते पैसे देणाऱ्या सेंट लुईसच्या नागरिकांमुळे. इथे दुसऱ्यांदा थांबा, आणि विमानात काय होते यापेक्षा काय नव्हते याची यादी करा. रेडिओ नव्हता. हवाई छत्री नव्हती. सहवैमानिक नव्हता. खुर्ची वेताची होती. नकाशांचे नको असलेले भागसुद्धा लिंडबर्गने कापून टाकले होते. खायला पाच सँडविच.

हा काय आततायीपणा, असे वाटेल. पण हिशेब करा. प्रवासात सुमारे १,३८० लिटर पेट्रोल जळले आणि अंतर झाले सुमारे ५,८१० किलोमीटर. म्हणजे एका लिटरला सरासरी ४.२ किलोमीटर. हवाई छत्रीचे वजन साधारण ९ किलोग्रॅम. तेवढ्याच वजनाचे पेट्रोल साडेबारा लिटर, म्हणजे ५० किलोमीटरहून अधिक अंतर. आता ठरवा, की भर समुद्रात, जिथे उडी मारूनही मदत मिळणार नाही, तिथे छत्री जास्त उपयोगाची की ५० किलोमीटरचे पेट्रोल? लिंडबर्गने पेट्रोल निवडले. त्यामागे मृत्यूला हसण्याची हौस नव्हती, किलोग्रॅमचे किलोमीटरमध्ये केलेले रूपांतर होते.

इंजिनाचेही तसेच. इतरांनी तीन इंजिने घेतली, कारण एक बिघडले तर दोन उरतील. ऐकायला हे पटते. पण एक इंजिन वाटेत बिघडण्याची शक्यता शंभरात एक आहे, असे केवळ उदाहरणादाखल धरू. मग तिन्ही इंजिने शेवटपर्यंत नीट चालण्याची शक्यता ०.९९ चा घन, म्हणजे सुमारे ०.९७ होते. कोणते तरी एक बिघडण्याची शक्यता शंभरात जवळजवळ तीन! आणि पेट्रोलने ठासून भरलेले विमान सुरुवातीच्या तासांत दोन इंजिनांवर हवेत तरंगू शकणार नसेल, तर तिसऱ्या इंजिनाने सुरक्षितता वाढवली की धोका? एकच पण भरवशाचे इंजिन घ्यावे, हा लिंडबर्गचा निर्णय असा होता. त्याने २२३ अश्वशक्तीचे, हवेने थंड होणारे राइट कंपनीचे ‘व्हर्लविंड’ इंजिन घेतले. ते ३३ तास ३० मिनिटे अखंड चालले.

अर्थात प्रत्येक निर्णयाची किंमत मोजावी लागली. पेट्रोलची मोठी टाकी वैमानिकाच्या मागे ठेवली असती, तर अपघातात तो टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये चिरडला गेला असता. म्हणून टाकी पुढे आली, आणि समोरची काच गेली. समोर पाहण्यासाठी त्याला बाजूच्या खिडकीतून डोकवावे लागे किंवा आरशांच्या परिदर्शीचा आधार घ्यावा लागे. चित्रपटात स्ट्युअर्ट सतत बाजूला पाहतो, त्याचे कारण हे आहे.

तिसरा थांबा : गोलावरची दोरी

पॅरिसचे अंतर किती, हे मोजण्यासाठी लिंडबर्ग आणि हॉल यांनी सॅन दिएगोच्या सार्वजनिक ग्रंथालयात पृथ्वीच्या गोलावर चक्क दोरी ताणून पाहिली. हे तुम्हीही करून पाहा. शाळेतला पृथ्वीगोल घ्या, न्यू यॉर्कवर दोरीचे एक टोक धरा, दुसरे पॅरिसवर, आणि दोरी घट्ट ताणा. ती सरळ पूर्वेला जात नाही. ती उत्तरेकडे वळते आणि नोव्हा स्कॉशिया, न्यू फाउंडलंडवरून जाते. भिंतीवरच्या सपाट नकाशात सरळ दिसणारी रेघ गोलावर लांबची ठरते. इथे ती सुमारे अडीचशे किलोमीटर जास्त पडते. अडीचशे किलोमीटर म्हणजे सुमारे ६० लिटर पेट्रोल!

पण या जवळच्या वाटेने जाताना विमानाची दिशा सतत बदलावी लागते. लिंडबर्गने आधीच नकाशावर दर १०० मैलांना, म्हणजे १६० किलोमीटरना, एक खूण केली होती. तासागणिक तो होकायंत्रावरची दिशा थोडी थोडी बदलत गेला. खाली पाण्याशिवाय काही नाही, रेडिओ नाही. हाती फक्त वेग, वेळ आणि दिशा. एका अंशाची चूक ३,००० किलोमीटरच्या अंतरात सुमारे ५० किलोमीटरची होते. २८ व्या तासाच्या सुमारास आयर्लंडचा किनारा दिसला, तेव्हा तो ठरवलेल्या मार्गापासून अवघ्या काही किलोमीटरवर होता.

एक छोटे कोडेही इथे सोडवण्यासारखे आहे. लिंडबर्ग न्यू यॉर्कच्या घड्याळाप्रमाणे सकाळी ७ वाजून ५२ मिनिटांनी निघाला आणि दुसऱ्या दिवशी पॅरिसच्या घड्याळाप्रमाणे रात्री १० वाजून २२ मिनिटांनी उतरला. वजाबाकी केली तर ३८ तास ३० मिनिटे होतात. मग प्रवास ३३ तास ३० मिनिटांचा कसा? उरलेले पाच तास कुठे गेले, हे भूगोलाच्या शिक्षकांना न विचारता शोधून काढा.

नशीब आणि माशी

एवढे सांगितल्यावर ‘म्हणजे सगळे गणितानेच झाले’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर तोही अपुराच ठरेल. नंगेसर आणि कोली यांचे विमानही एका इंजिनाचे होते. त्यांनीही तयारी केली होती. मात्र ते पश्चिमेकडे, त्या अक्षांशांत बहुधा पश्चिमेकडूनच वाहणाऱ्या वाऱ्याच्या विरुद्ध निघाले होते, तर लिंडबर्गला वाऱ्याची साथ होती. त्याच्या विमानाच्या पंखांवर ढगांत बर्फ जमू लागले होते. आणखी जमले असते तर? त्याला आदल्या रात्रीपासून झोप नव्हती. वेळ वाचावा म्हणून हॉलने जुन्याच प्रकारची लहान शेपटी ठेवली होती. त्यामुळे विमान जरा हात सैल पडताच डोलू लागे, आणि त्या डोलण्यानेच त्याला पुन्हा पुन्हा जागे ठेवले! हे कोणी गणित करून आणलेले नव्हते. एकाच यशस्वी प्रयोगावरून नशिबाचा वाटा किती आणि हिशेबाचा किती, हे वेगळे काढता येत नाही. पण एक नक्की म्हणता येते. नशिबाने साथ दिली तर तिचा उपयोग करून घेता यावा, एवढी तयारी हिशेबाने केली होती.

चित्रपटात विमानात शिरलेल्या एका माशीचा प्रसंग आहे. एकटा वैमानिक तिच्याशी बोलतो. पेंगुळलेल्या माणसाचे मन दाखवण्याची ही सुंदर युक्ती आहे. पण पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला तिथे वेगळाच प्रश्न पडावा. माशी बसली की विमानावर तिचा भार पडणार. ती आत उडत राहिली तर? तर बंद खोलीत तोही प्रश्न न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने सुटतो. माशी स्वतःला वर ठेवण्यासाठी हवा खाली ढकलते आणि ती हवा जमिनीला ढकलते, म्हणून सरासरी भार तेवढाच राहतो. काही मिलिग्रॅमचा हा भार लिंडबर्गच्या दृष्टीने नगण्य होता, पण प्रश्न नगण्य नाही.

शेवटी पॅरिसवर पोहोचल्यावर चित्रपटातला लिंडबर्ग थकव्याने गोंधळतो आणि देवाचा धावा करतो. संकटात माणूस असे करतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र त्या क्षणी टाकीत अजून सुमारे ३२० लिटर पेट्रोल शिल्लक होते, हे प्रेक्षकाला ठाऊक हवे. निघताना भरलेल्या पेट्रोलचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा होय. त्यावर आणखी तेराशे किलोमीटरहून अधिक जाता आले असते. वाट चुकली, वारा फिरला, धुके पडले तर हाताशी असावे म्हणून ठेवलेली ही शिल्लक.

माणूस आणि त्याचे काम

काही जण म्हणतील, चित्रपट म्हणजे विज्ञानाचा तास नव्हे. दोन तास आकडे दाखवले तर तिकीट कोण काढील? हे अगदी मान्य. एका माणसाची झुंज दाखवणे हे दिग्दर्शकाचे काम आहे आणि वाइल्डर यांनी ते चोख केले आहे. उरलेले काम आपले, पाहणाऱ्यांचे आहे. ते आपण केले नाही तर केवळ एक अपुरे उत्तर मनात राहते असे नाही. आणखीही एक गोष्ट घडते. आपण कामाऐवजी माणसाची पूजा करू लागतो.

लिंडबर्गच्या बाबतीत हे नेमके घडले. १९२७ नंतर तो जगातल्या सर्वांत प्रसिद्ध माणसांपैकी एक झाला. ज्याने अटलांटिक ओलांडला त्याला राजकारणातलेही कळत असणार, असे लाखो लोकांनी गृहीत धरले. १९३८ साली त्याने हिटलरच्या सरकारचे पदक गोअरिंगच्या हातून स्वीकारले. ११ सप्टेंबर १९४१ रोजी आयोवा राज्यातील डी मॉईन येथील भाषणात, अमेरिकेला युद्धाकडे ढकलणाऱ्यांत त्याने ज्यू लोकांचे नाव घेतले. त्यावर त्याच्या देशातच मोठे वादळ उठले. चित्रपट पॅरिसच्या उड्डाणाभोवतीच फिरतो, त्यामुळे यातले काहीच आपल्याला दिसत नाही.

मग आता लिंडबर्गचे नाव पुसून टाकायचे का? मुळीच नाही. ज्याने केवळ माणूस डोक्यावर घेतला असेल, त्याची इथे पंचाईत होते. त्याला एक तर भाषणाचे समर्थन करावे लागते, नाही तर उड्डाण नाकारावे लागते. पण ज्याने हिशेब समजून घेतला आहे, त्याला अडचण नाही. १,७०० लिटरचे गणित त्या भाषणाने खोटे ठरत नाही, आणि ते भाषण त्या गणिताने खरे ठरत नाही. विमान उडवण्यातला अधिकार विमानापुरता. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ही सवय लवकर लावून घ्यावी, कारण एका क्षेत्रातल्या मोठ्या माणसाचे दुसऱ्या क्षेत्रातले मत तपासल्याशिवाय स्वीकारण्याचा मोह आपल्याकडेही काही कमी नाही.

शिक्षकांना माझे सांगणे एवढेच, की हा चित्रपट दाखवाल तेव्हा शेवटी ‘यातून काय बोध घ्याल?’ असा निबंध लिहायला देऊ नका. त्यात धाडस, जिद्द आणि चिकाटी हे तीन शब्द ओळीने येतील आणि वही मिटली जाईल. त्याऐवजी वर्गाचे चार गट करा. एका गटाला वजन द्या, दुसऱ्याला इंधन, तिसऱ्याला मार्ग, चौथ्याला इंजिनांची शक्यता. मग विचारा, की तुमच्याजवळ १० किलोग्रॅम वाढवण्याची मुभा असती तर तुम्ही काय नेले असते? रेडिओ, छत्री, की पेट्रोल? एकच उत्तर येणार नाही. वाद होईल, आणि तो व्हावा. फक्त प्रत्येकाने आपल्या बाजूला आकडा मांडला पाहिजे.

लिंडबर्गचे विमान आज वॉशिंग्टनच्या हवाई व अंतराळ संग्रहालयात टांगलेले आहे. तिथे जाऊन ते पाहणे आपल्यापैकी फार थोड्यांना जमेल. पण पृथ्वीगोल, हातभर दोरी आणि एक पेन्सिल प्रत्येक शाळेत आहे. सुरुवात तेवढ्यावर होते.